नोंद नको

वर्ना स्टिडम जुन्या सोफ्यांचं कापड काढून नवं चढवते. तोंडात मूठभर बारीक खिळे धरायचे, जिभेनं एकेक पुढे सरकवायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा, असं तीस वर्षं चाललंय. कामात असताना तिला बोलता येत नाही आणि एरवी तिला गप्प करता येत नाही. फक्त तब्येतीचा विषय निघाला, की तोंडात खिळे असल्यासारखी बसते.

दक्षिण ओहायोतल्या आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटत नाही. कागद गिरणी बंद पडली तेव्हा नोकऱ्यांबरोबर विमेही गेले. स्वतःचा धंदा करणाऱ्यानं विमा मागितला, की कंपनी आधी डॉक्टरांची जुनी कागदपत्रं चाळायची आणि मग नाही म्हणायची. त्यामुळे आम्ही एक रीत पाडून घेतली होती. दुखलं तरी डॉक्टरकडे जायचं नाही, आणि गेलंच तर कागदावर काही येऊ द्यायचं नाही. वर्नाच्या बहिणीकडे, नोरीनकडे, रीतसर विमा होता. तिची किडनी बिघडल्यावर कंपनीनं नऊ वर्षांपूर्वीची एका गोळीची नोंद उकरून काढली, 'तुम्ही हे लपवलंत' म्हणाली आणि विमा रद्द केला. नोरीन त्यातच गेली. तेव्हापासून वर्ना ताकही फुंकून पिते. खोकला झाला तरी शेजारच्या जिल्ह्यात जायची आणि आईच्या माहेरचं आडनाव सांगायची.

दोन हजार तेराच्या ऑक्टोबरात नव्या आरोग्यविमा कायद्याचे फॉर्म सुरू झाले. जानेवारीपासून जुन्या आजाराचं कारण सांगून कुणाला नाकारता येणार नव्हतं आणि हप्ताही कमाईप्रमाणे कमी होणार होता. फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचे, आणि गावातले कॉम्प्युटर लायब्ररीत, म्हणजे माझ्या ताब्यात. ती वेबसाइट म्हणजे सरकारी काम अन् सहा महिने थांब. तिसऱ्या पानावर अडकायची ती अडकायचीच.

वर्ना दर मंगळवारी यायची. पान उघडेपर्यंत तिला खुर्चीत दम निघायचा नाही. कपाटांमधून येरझाऱ्या घालायची, खिडकीशी जायची, परत यायची.

"बस की जरा," मी एकदा करवादले. "चक्कर यायला लागली मला."

"एक तारखेला नक्की सुरू होईल ना गं, इलेन?"

"आधी फॉर्म तर जाऊ दे."

"नाही, पण एक तारीख म्हणजे एकच ना? पंधरा नाही ना?"

नोव्हेंबरअखेर एकदाचा फॉर्म गेला. मला वाटलं, आता निवांत होईल. पण ती डिसेंबरातही येतच राहिली, विम्याचं कार्ड पोस्टानं आलं नाही हे मला सांगायला. पोस्टाचा आणि माझा काय संबंध? एका मंगळवारी मी तेच विचारलं. तिनं माझा हात धरून मला मासिकांच्या कपाटामागे नेलं आणि डाव्या छातीवर बोट ठेवलं.

"गाठ आहे. ऑगस्टपासून."

मला भयंकर राग आला.

"अगं, आरोग्य खात्यात विमा नसलेल्या बायकांची फुकट तपासणी होते. त्या भिंतीवर पत्रक मीच चिकटवलंय!"

"फुकट तपासणी म्हणजे फुकट नोंद."

"आता नोंदीला कोण विचारतंय? कायदा बदललाय, बाई."

"कायदा त्यांचा, कागदही त्यांचे," ती म्हणाली. "कार्ड हातात येऊ दे. तोवर तू कुणाकडे बोललीस तर तुझी माझी दोस्ती संपली."

मी बोलले नाही. तेव्हाच ओढून न्यायला हवी होती, हे मला आजही खातं. ते तीन आठवडे आम्ही दोघी पोस्टमनच्या गाडीकडे डोळे लावून बसलो. नाताळच्या केकचा एक घास तिला गेला नाही, मलाही नाही. कार्ड आलं अठ्ठावीसला.

दोन जानेवारीला मी गाडी काढली. तपासायच्या खोलीत तिनं मला हट्टानं आत घेतलं. डॉक्टर पेट्रोस्की मध्यमवयीन, शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"काल आंघोळ करताना हाताला लागली," वर्ना म्हणाली. डोळ्याची पापणीही न हलवता.

मला राहवलं नाही. "ऑगस्टपासून, डॉक्टर."

वर्नानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला विकून आले होते. डॉक्टरांनी तिची काख चाचपली. एकदा, मग पुन्हा, जरा वेळ लावून. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

"मिसेस स्टिडम, मला खरं कळलं नाही तर उपचार चुकतील. कधीपासून?"

"हे कंपनीला कळणार?"

"कळेल. पण त्यावरून आता त्यांना तुम्हाला काढता येत नाही."

"लिहून ठेवलंत तरी?"

"लिहून ठेवलं तरी."

वर्नानं डॉक्टरांच्या पेनाकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"लिहा. मागच्या मार्चपासून."