बेहालाच्या भिंतीतला खिळा

निघताना माझ्या हातात काहीच नव्हतं, याचंच मला आधी नवल वाटलं. आमच्या घरात निघणं म्हणजे खोकी, सुतळी, मार्कर पेन आणि आईचा चढलेला आवाज. बाबा सरकारी बँकेत, त्यामुळे बदली ठरलेली: नागपूर, मग इंदूर, मग कोलकाता. टीव्हीचं रिकामं खोकं आम्ही नागपूरपासून जिवापाड जपत होतो. या वेळी मात्र हॉस्पिटलच्या खाटेवर डेंग्यूचा ताप एकदाचा उतरला, अंग हलकं झालं आणि मी, सतरा वर्षांची मुलगी, पायात चपलाही न घालता निघाले. आई खाटेच्या कडेला डोकं टेकून बसली होती. बाबा खाली औषधं आणायला गेले होते. पोचलीस की फोन कर, असं कुणी म्हणालं नाही.

पलीकडे जायला नदी आहे. कोलकात्यात लाँचने गंगा ओलांडतात तशीच इथेही जेटी आहे, लाँच आहे, आणि रांगही आहे. फक्त पाण्याला वास नाही आणि पलीकडचा काठ धुक्यात असतो. माझी पाळी आली तेव्हा लाँचवाला म्हणाला, तुझं मागचं अजून सुटलेलं नाही, तिकडे बस. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो फक्त कंटाळा. पुन्हा नवी जागा, पुन्हा कुणाला तरी विचारत बसायचं की इथे काय कुठे मिळतं.

जेटीच्या पायरीवर एक म्हातारी पाय सोडून बसली होती. उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारची. तिचा जन्म, लग्न, मरण सगळं एकाच गल्लीत झालेलं. मी तिला ठाकुमा म्हणायला लागले, बंगाली मुलं आजीला म्हणतात तसं. इथे जो तो आपल्या भाषेत बोलतो आणि ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. ही सोय पहिल्या वर्षी कोलकात्यात, आमच्या बेहालाच्या भाजीबाजारात असती तर आईचे हाल वाचले असते.

"मराठी? म्हणजे बर्गी," ठाकुमा म्हणाली. "नवाबाच्या काळात तुमचे लुटारू घोडेस्वार येणार म्हणून आमच्याकडे खंदक खणला होता. मला लहानपणी तुमची भीती घालून झोपवायचे."

"आम्ही बँकेच्या बदलीवर आलो होतो," मी म्हटलं.

ती पोट धरून हसली. मग सरकून तिने मला जागा करून दिली. तिच्या घरचं श्राद्ध व्हायचं होतं, म्हणून तीही थांबलेली. पण तिला पलीकडचं सगळं ठाऊक होतं, कारण नवरा आधीच तिकडे गेला होता आणि स्वप्नात येऊन सांगायचा. तिकडे रोज संध्याकाळी धुकं विरतं आणि मागचं एक ठिकाण दिसतं. एकच. जे तुझं असेल ते. तिला तिच्या घराची गच्ची दिसणार होती, उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्यांसकट.

"आणि ज्याचं कुठलंच नसेल त्याला?"

"त्याला धुकंच," ती म्हणाली.

मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले, मरताना घाबरले नव्हते तेवढी. मी नागपूरची म्हणावी तर मला तिथलं घर आठवत नाही. इंदूरच्या घरात आता दुसरे साहेब राहतात. आणि कुठल्याही घरात आमची काही खूणच नाही, कारण आईचा नियम: "भिंतीला खिळा नको. घर घेतलं तसं परत द्यायचं." नवीन घरात शिरल्यावर ती आधीच्या भाडेकरूंची भोकंसुद्धा टूथपेस्टने बुजवायची, उगाच आपल्यावर यायला नको म्हणून. बेहालाच्या फ्लॅटमध्ये मी हिवाळ्यातल्या मेळ्यातून शोलाचा मोर आणला होता. शोला म्हणजे पाण्यातल्या झाडाचा पांढरा गाभा, थर्माकोलसारखा हलका. टेपने लावला की तो पडायचा. मी एक खिळा मागितला, भांडले, जेवले नाही. आई म्हणाली, "उद्या बदली आली म्हणजे?" शेवटी मोर पिशवीत घालून कपाटावर गेला, टीव्हीच्या खोक्याशेजारी.

दहाव्याला मला घाट दिसला. पायरीवरून तेवढंच दिसतं, आपल्या कार्यापुरतं. ओळखीतून मिळालेले एक मराठी गुरुजी, उन्हात उभे बाबा, आणि आई. बायका येत नाहीत, असं गुरुजी म्हणाले होते, पण ती ऐकेल तर ना. पानावर भाताचा पिंड. बाजूच्या कठड्यावर कावळेच कावळे. मासळीबाजारावर पोसलेले ते कावळे काहीही खातात, पण त्या भाताला एकही शिवेना.

जाणाऱ्याच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, आणि मागच्यांनी ते ओळखून शब्द दिला की शिवतो, असं आमच्याकडे मानतात. बाबांनी हात जोडले. "अस्थी नाशिकला नेऊ, गोदावरीत सोडू." कावळे हलले नाहीत. "मी पुण्याला बदली मागून घेतो. इथे तुला करमलं नाही, मला माहीत आहे."

पहिल्या वर्षी नव्हतंच करमलं. पण नंतर मैत्रिणी झाल्या, घराजवळून मेट्रो सुरू झाली, मी ऑटोवाल्यांशी बंगालीत भांडायला लागले. हे बाबांना कधी सांगायचं राहूनच गेलं. मी पायरीवरून ओरडत होते, पण ठाकुमाशिवाय कुणाला ऐकू जाणार?

ऊन चढलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतला. खरा कावळा आला नाही तर दर्भाचा करून शिवतात आणि उरकतात. म्हणजे माझी लाँच सुटली असती, पण पलीकडे जाऊन मी जन्मभर, म्हणजे जे काही असेल ते भर, धुकं बघत बसले असते.

आई खाली वाकली. पिंडाकडे बघत, मला दूध पी म्हणताना बोलायची तशा आवाजात म्हणाली, "खिळा मारते गं. तुझ्याच भिंतीला. मोर लावते. बदली आली तरी खिळा काढणार नाही."

कठड्यावरचा एक कावळा उतरला.

लाँचने इकडे पलीकडच्या काठाला येऊन बराच काळ झाला. पुढे आणखी जगं आहेत म्हणे, एका जगात तीन चंद्र आहेत. बरोबर आलेले बरेच जण उत्साहाने पुढे गेले, जाताना मलाही चल म्हणाले. मी नाही गेले. मी दमले आहे. नव्या शेजाऱ्यांना आपण कुठल्या ते सांगायचं माझ्याच्याने आता होणार नाही. ठाकुमाही इथेच आहे, नवऱ्याशी बरण्यांवरून वाद घालत.

संध्याकाळी धुकं विरतं तेव्हा मला बेहालाची भिंत दिसते. आई पाटावर चढून वरवंट्याने खिळा ठोकताना मी पाहिली. तिला नीट जमलं नाही, थोडं प्लास्टर पडलं, खिळा जरा तिरकाच बसला. पुढे पुण्याला बदली आली. मोर तिने काढला, जुन्या ओढणीत गुंडाळून टीव्हीच्या खोक्यात ठेवला. मग टूथपेस्टची ट्यूब हातात घेऊन ती भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली, आणि खिळा तसाच ठेवून गेली. त्यानंतर मला आईबाबा दिसले नाहीत. माणसांच्या मागे मागे ते ठिकाण जात नाही. आता तिथे एक बंगाली कुटुंब राहतं, आणि माझ्या खिळ्यावर त्यांचं कॅलेंडर आहे. त्यांची लहान मुलगी स्टुलावर चढून त्याची पानं उलटते. मी रोज बघते. मला ते आवडतं, आणि रोज रडूही येतं.

आई, हे तुझ्यापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही, कावळ्याला सांगून ठेवलं आहे. पुण्याच्या घराच्या भिंतीही तू कोऱ्याच ठेवल्या असशील. एक खिळा मार. मोर लाव, नाहीतर काहीच लावू नकोस. तुला यायला अजून खूप अवकाश असू दे. पण तू आलीस की संध्याकाळी आपण इथल्या पायरीवर बसू. मी तुला बेहाला दाखवीन, आणि तुझ्यासमोर नुसतं धुकं नको.