‘सेला’ आला की थांबायचं

सर वाचता वाचता एकदम थांबायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना घेरीच आली. मी पाणी आणायला धावले.

"अगं बस. सेला आलाय, हिची वाट बघतोय," ते बायकोकडे, आमच्या काकूंकडे, बोट करून म्हणाले.

अंधेरीला आमच्या समोरच्या दारात राहणारे हे निवृत्त शिक्षक. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. रोज संध्याकाळी बायबलातलं एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचे. काही स्तोत्रांत मध्येच ‘सेला’ हा हिब्रू शब्द येतो. मी अर्थ विचारला.

"नक्की कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं वाद्यं वाजवा, कुणी म्हणतं थांबा. आमच्या घरी थांबतात."

जन्मभर पोरांकडून शब्दार्थ घोकून घेतलेल्या माणसानं हे इतक्या खुशीत सांगावं, याची मला गंमत वाटली.

घरची रीत अशी, की स्तोत्र सरांनी वाचायचं आणि ‘सेला’ काकूंनी म्हणायचा. काकूही खट. भाजी निवडत बसल्या असल्या की मुद्दाम उशीर लावायच्या.

"म्हण की गं, जीव जाईल माझा!" सर ओरडायचे.

मग काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कळायचं सगळं, बोलता यायचं नाही. सरांनी वाचन सोडलं नाही. ‘सेला’ आला की थांबायचे. काकूंचे ओठ हलायचे, गळ्याची शीर फुगायची, शब्द काही फुटायचा नाही. मी दारात उभी. तुम्हीच सांगा, अशा वेळी शेजाऱ्यानं करायचं काय?

एकदा मला राहवलं नाही. "सर, सेला नसलेली स्तोत्रं वाचा ना. किती त्रास होतो त्यांना."

सरांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसलं स्तोत्र काढलं. ते सेलाशिवाय संपलं, तेव्हा काकूंनी डाव्या हातानं पुस्तक ढकललं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"चुकलं गं माझं," सर कितीतरी वेळ म्हणत होते. चूक माझी होती. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

यंदा सर गेले. दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दफन करून आलो त्या संध्याकाळी काकूंनी माझ्याकडे बघून पुस्तकाकडे बोट केलं. मी वाचायला बसले. ‘सेला’ आला. मी थांबले. काकूंचे ओठ हलू लागले. किती वेळ थांबायचं आणि पुढची ओळ केव्हा घ्यायची, हे सरांनाच कळायचं. मला काही केल्या कळेना. मी थांबूनच राहिले.