खुर्चीमागचा हिरवा ठिपका

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी पिंपरीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. लेसरवर काम करणारे आम्ही दोघेच, मी आणि तळेगावहून येणारा माझा सहकारी. आमच्या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नसे. वाटेत एक खास स्फटिक ठेवला की त्यातला काही प्रकाश हिरवा होतो, एवढं आम्ही वाचलं होतं.

स्फटिक आला त्या दुपारी आम्ही काळे पडदे ओढले, लेसर सुरू केला आणि स्फटिक हळूहळू फिरवत गेलो. एका कोनात समोरच्या पुठ्ठ्यावर हिरवागार ठिपका उमटला. मी आनंदाने ओरडलोच.

सहकारी मात्र मागे बघत होता. "राव, हा दुसरा कुठून आला?"

त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर तसाच एक फिकट ठिपका होता. टेबलावरच्या तिरक्या काचेवरून थोडा प्रकाश तिकडे वळत होता. हिरवा तो आज झाला होता. न दिसणारा किरण त्या वाटेने रोज जात असणार. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे नेमके त्याच उंचीवर येत.

मी लेसर बंद केला. त्याने उजवा डोळा हाताने झाकला. "आठवडाभर डाव्या डोळ्यापुढे काळा डाग येतोय. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला."

डोळ्याच्या आतला पडदा भाजल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. डाग कायमचा राहिला. तो कामावर येत राहिला, पण लेसर बंद असतानाही टेबलाजवळच्या रिकाम्या हवेखालून वाकून जायचा. काही दिवसांनी मीही वाकायला लागलो.