दिव्याखालचा हात

फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून कासवासाठी हरळी चिरत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. सांगलीच्या दवाखान्यातून भाचा संजय बोलत होता. "आत्या, आबा गेलं," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "बरं, निघते मी." फोन ठेवला आणि उरलेली हरळी चिरून संपवली. ऐकणाऱ्याला वाटेल, काय दगडाची बाई आहे... पण सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून राबलेल्या बाईचे हात डोक्याच्या आधी कामाला लागतात, त्याला मी काय करू? ताटली घेऊन मागच्या खोलीत गेले, कासवापुढं ठेवली आणि सहज वर नजर गेली. छताच्या हुकातून खाली आलेली साखळी, तिला टांगलेला दिवा आणि एका कडीला दादानं बांधलेली लाल सुतळी. मग मात्र मी तिथंच फरशीवर बसले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, संजयचा आबा. रहिमतपूरच्या पलीकडं आमचं गाव. तिथला तो गुळव्या. नुसता गूळ करणारे पुष्कळ असतात, पण काहिलीतला रस नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस एकच असतो, तो गुळव्या. दादा गार पाण्यात बोटं बुडवायचा आणि तशीच उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा. पाण्यात त्याची गोळी वळायची, ताटलीवर टण्णदिशी आपटायची आणि म्हणायचा, "उतरा." चार गडी काहिलीला हात घालायला टपलेले असायचे, पण तो म्हणेपर्यंत कुणाची हिंमत नसायची. मी लहान असताना त्याची बोटं उलटीपालटी करून बघायची, फोड कुठं आहे म्हणून. फोड कधी सापडला नाही. कोरेगावपासनं लोक बोलवायला यायचे आणि निरोप काय द्यायचे, तर "तुमचा हात पायजे दोन दिस." माणूस नको, हात पाहिजे! दादाला याचा लय अभिमान. पुढं ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळं एकेक करून थंड झाली, पण अभिमान काही थंड झाला नाही.

आता या कथेत कासव कुठनं आलं ते सांगते. माझी लेक सांगलीत दिलेली. तिनं आणि जावयानं हौसेनं एक परदेशी जातीचं कासव पाळलं, रीतसर कागदपत्रं वगैरे करून, कारण आपल्याकडची कासवं पाळायला बंदी आहे. लेकीला दिवस गेले तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, बाळंतपण होईपर्यंत हे घरात नको. झालं, आलं माझ्याकडं साताऱ्याला. लेकीनं त्याचं नाव ऑस्कर ठेवलं होतं. दादानं पहिल्याच दिवशी पाठीकडं बघून बारसं बदललं. म्हणाला, "ही तर गुळाची ढेप हाय." तेव्हापासून ढेप्या. सांगलीच्या उबेत वाढलेलं ते जनावर साताऱ्याच्या थंडीत खाईना की हलेना. लेकीनं धाडलेला ऊब देणारा दिवा मी चिमट्यानं त्याच्या पेटीच्या कडेला अडकवला आणि मोकळी झाले. दादा आला, त्यानं तो चिमटा बोटानं नुसता ढकलला, आणि दिवा वाळल्या गवतावर आडवा झाला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, लहानपणी घागर फोडल्यावर आई बघायची तसं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत साखळी, चिनी मातीचा होल्डर, तारेची जाळी असं सगळं घेऊन हजर. गुऱ्हाळावरची आणि गावातल्या कोंबड्यांच्या शेडमधली वायरिंग तोच करायचा, त्यामुळं मी तोंड मिटून स्टूल धरून उभी राहिले. मागच्या खोलीच्या छताला माझ्या लेकीच्या पाळण्याचे दोन हूक अजून होते. एकाला साखळी लावली आणि दुसऱ्यावरनं दिव्याच्या टोपीला वेगळी तार घेतली. मी विचारलं, दोन कशाला? तर म्हणाला, एक तुटली तर दुसरीनं धरावं. वायर मात्र ढिली सोडली, तिच्यावर गुंजभर वजन येऊ दिलं नाही. "वजन साखळीनं धरायचं, सुमे. वायरीचं काम निराळं." प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो म्हणून चिनी मातीचा, बल्ब फुटला तर काचा ढेप्याच्या अंगावर नकोत म्हणून खाली जाळी. शेजारी उन्हासारखा उजेड देणारी ट्यूब बसवली, तिलाही दोन्ही टोकांना साखळ्या. आणि सगळ्यात कहर म्हणजे, दिवा टांगायच्या आधी त्यानं घरनं आणलेली गुळाची दहा किलोची ढेप फडक्यात बांधून त्या साखळीला लटकवली आणि दिवसभर तशीच ठेवली. दुपारी शेजारीण साखर मागायला आली, ती छताला लोंबणारा गूळ बघून साखर न घेताच परत गेली.

ढेप संध्याकाळी उतरली, दिवा चढला. उंची किती ठेवायची, तर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कासवाच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून बघा. दादाला ते ऐकूनच हसू आलं. "मला कशाला पायजे थर्मामीटर? हात हाय की." त्यानं ढेप्याच्या पाठीइतक्या उंचीवर हात धरला, डोळे मिटले, साखळी दोन कड्या खाली घेतली, परत हात धरला. "हां, आता बरोबर." मीही मान डोलावली. ज्या हातावर अख्ख्या तालुक्याचा गूळ उतरला, त्याला मी काय शिकवणार?

आठ-दहा दिवसांत ढेप्याच्या पाठीवर पांढरट डाग उठला. मी आधी ओल असेल म्हणून पुसून बघितलं. डॉक्टरांकडं नेलं, ते म्हणाले, भाजलंय, दिवा फार खाली आहे. मी विचारलं, मग हे बाजूला का सरकलं नाही? तर म्हणाले, वरनं पाठ भाजली तरी कासवाला चटकन कळत नाही, ते ऊब घेत बसून राहतं. घरी आले ती तडक फोनच लावला. माझी जीभ मुळात तिखट, त्यात लेकीचं जनावर, आणि लेक पोटुशी. बोलून गेले, "दादा, तुझ्या हातात आता काही राहिलं नाही. उगाच मिरवू नकोस." पलीकडनं फोन ठेवल्याचा आवाज आला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं दादा दारात. खिशात नवा कोरा थर्मामीटर. चहा नको म्हणाला, सरळ मागच्या खोलीत गेला. दिवा लावला, खाली स्वतःचा हात धरला, बराच वेळ धरला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "सुमे, हात दे." माझं मनगट धरून त्यानं माझा हात दिव्याखाली नेला. हाताकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होता. मी तोंड वाकडं केलं की एक कडी वर. परत हात, परत एक कडी. माझं तोंड सरळ झालं तेव्हा त्यानं थर्मामीटर ठेवला, काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर आला, आणि त्या कडीला लाल सुतळी बांधली. खाली उतरताना हळूच म्हणाला, "मला गरम लागत न्हाई गं." मी काय म्हणावं? मी हसले! म्हटलं, जन्मभर काहिलीत बोटं घातलीस, आता काय डोंबल लागणार.

आता स्वतःलाच विचारते, बाई, तू नर्स ना? कितीतरी पेशंटांचे मी तळपाय टाचणी टोचून तपासलेत, लागतंय का म्हणून. रक्तातली साखर वाढली की बधिरपणा आधी पायात येतो आणि मग हातात, हे मी शिकाऊ नर्स पोरींना शिकवलंय. हाताला गरम लागत नाही म्हणजे पाय कधीचे मुके झाले असणार... हे मला परक्याच्या बाबतीत झोपेत कळलं असतं. भावाच्या बाबतीत मी हसले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, आज लिहून टाकते.

पुढचे दोन हिवाळे मात्र फार सुखाचे गेले. ढेप्याची पाठ भरून आली. लेक बाळंत झाली, पण कासव काही परत नेलं नाही आणि मीही विषय काढला नाही, कारण त्याच्या निमित्तानं दादा पंधरवड्याला यायचा. येताना शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं. आला की चपला काढायच्या आधी, "सुमे, हात दे." थर्मामीटर तिथंच असायचा, तरी माझा हात दिव्याखाली जायचाच. मग खुर्ची ओढून ढेप्यासमोर बसायचा आणि त्याला गुऱ्हाळाच्या गोष्टी सांगायचा, कुणाची काहिल कशी करपली, कोण कसा फजीत झाला. ढेप्या खायचं थांबवून मान वर करायचं. दादा म्हणायचा, बघ, घरात एकच जण माझं नीट ऐकतो.

गेल्या पावसाळ्यात रानात त्याच्या तळपायात खिळा घुसला. त्याला पत्ता नाही. वास यायला लागला तेव्हा संजयनं पाय बघितला. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर विष अंगात भिनलं होतं. मी उशाशी बसले होते, राहवेना, म्हटलं, "दादा, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं रे." "बरं झालं न्हाई कळलं," दादा म्हणाला, "तू माझा गूळ बंद केला असतास." आणि मग, "थंडी आली की दिवा एक कडी खाली घे. हात धरून बघ पर." तेच शेवटचं नीट बोलणं.

परवा थंडी पडली. संजय भेटायला आला होता, चाळिशीचा बाप्या, बापासारखाच रुंद पंजा. मी त्याला स्टुलावर चढवून साखळी एक कडी खाली घ्यायला लावली. थर्मामीटर ठेवला, काटा बरोबर होता. तो खाली उतरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "संजय, हात दे." त्याचं मनगट धरून मी हात दिव्याखाली नेला, मुद्दाम जरा वरच, दिव्याजवळ धरला. हाताकडं बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. दोन-तीन श्वास गेले असतील नसतील, त्यानं हात झटकन मागं घेतला. "आत्या, पोळतंय की!"

मी पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागले. तो घाबरला, आत्या काय झालं, काय झालं, म्हणत राहिला. मी म्हटलं, काही नाही, उद्या उपाशीपोटी रक्त तपासून घ्यायचं, आणि चपला काढ, तळपाय बघू दे. तो गुमान खुर्चीत बसला. ढेप्या दिव्याखाली मान वर करून आमच्याकडं बघत होतं, आणि मी टाचणी शोधायला गेले.