आत्या ऐकायला आल्या तेव्हा

सोलापुरात बंद पडलेल्या एका पॉवरलूमच्या शेडमध्ये आम्ही चौघांनी आमचं केंद्र सुरू केलं. दोन चित्रकार, एक तबलजी आणि मी, गाणारी. कुठल्याच प्रदर्शनात न मावणारी चित्रं, कुठल्याच मैफलीत न बसणारं संगीत, एवढंच धोरण. सुरुवातीला ऐकायलाही आम्हीच असायचो. पुढे कॉलेजची मुलं आली, मग पुण्याचे कलावंत.

त्या संध्याकाळी मी शब्दांशिवाय गाणार होते. नुसता श्वास, हुंकार, मध्येच किंकाळी. दुधनीहून सासूबाई आल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. "तुजं गाणं ऐकायला मीबी येते की," म्हणाल्या. काय असतं ते सांगायला मला अवघड वाटलं. "जरा वेगळं असतं," एवढंच बोलले. ठेवणीतलं इरकल नेसून त्या पहिल्या रांगेत बसल्या.

हुंकार चढत गेले. माझे केस सुटले. तोच आत्या उठल्या, पुढे आल्या आणि पदर पसरून गुडघ्यांवर बसल्या.

"आई, काय चुकलं असंल तर पदरात घे. पोरीला तरास देऊ नको."

आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे.

मी पाय मागे घेतले. "आत्या, उठा. अंगात नाही आलं. मी गातेय."

"गातीस?" त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि तोंडावर पदर ओढला.

"टाळ्या थांबवा!" मी ओरडले. "या माझ्या सासूबाई आहेत. त्या खरंच घाबरल्यात."

मागून कुणीतरी "वा!" म्हणालं.

आत्यांचा हात धरून मी बाहेर पडले. रिक्षात त्या म्हणाल्या, "लोकं हसली का गं मला?"

"नाही हो."

"मग टाळ्या कशापायी?"



दुसऱ्या दिवशी तबलजी म्हणाला, "आजवरचं आपलं सगळ्यात खरं काम झालं." त्या संध्याकाळी त्याने मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ मी त्याला पुसायला लावला. तो नाराज झाला, पण पुसला. केंद्र त्यानंतरही चाललं, मालकाने शेड विकेपर्यंत. आता कुणी त्याचा इतिहास विचारायला आलं, की पहिल्यांदा त्याच संध्याकाळचं विचारतं. माझे कान तापतात.

आत्या अजून येतात. मी रियाजाला बसले की हळूच दार ओढून घेतात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.