राजपुत्राला ओवाळणारी सुगंधाकाकी

भांडुपच्या डोंगराकडेच्या आमच्या चाळीत परदेशी राजपुत्र येऊन गेला, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. तरी अजून कुणी पाव्हणा आला की चहाच्या आधी त्याला राजपुत्र ऐकावा लागतो. कुणी सांगतं तो आमच्या नळाचं पाणी प्यायला, कुणी सांगतं त्याने चिक्की मागून खाल्ली. खरं एवढंच की तो बायकांचा बचत गट बघायला आला, घटकाभर थांबला आणि गेला. त्याच्यासाठी रातोरात गटारावर फरशा बसल्या, आणि त्याची मोटार वळताच त्या उचलूनही नेल्या. थापा मारण्यात आमची चाळ कुणाला हार जायची नाही.

त्याला ओवाळलं होतं सुगंधाकाकीने. ती मूळची कणकवलीकडची. नवरा जयवंत गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन लागला होता. मंत्री येवो नाहीतर नगरसेवक, औक्षणाला सवाष्ण हवी म्हटलं की चाळीच्या मंडळाची माणसं काकीच्या दारात हजर. कुंकू ठसठशीत, चेहरा हसरा, आणि निरांजन फिरवताना हात कधी थरथरायचा नाही.

त्या दिवशी सकाळपासून काकांच्या छातीत दुखत होतं. काकी जायला तयार नव्हती, पण काकांनीच तिला घालवलं. "पित्त झालाहा. तू जा गो, राजा काय रोज येता?"

राजपुत्राचा पत्ता नव्हता. काकी ताट घेऊन स्वागताच्या कमानीखाली उभी. तेवढ्यात शेजारची लता धावत आली. काकांना घाम फुटलाय, चाळीतला सीताराम त्यांना रिक्षात घालतोय, तू चल. पण औक्षणाचं ताट एकदा हातात घेतलं की ओवाळल्याशिवाय खाली ठेवायचं नाही, दुसरीच्या हातीही द्यायचं नाही, नाहीतर ते नवऱ्याला बाधतं, असं आमच्याकडे मानतात.

"असाच कसा ठेवू? तेंकाच बाधतला," काकी रडवेली होऊन म्हणाली. "ओवाळतंय नि येतंय."

नवरा जगावा म्हणूनच ती तिथे थांबली.

रस्ता पाव्हण्यासाठी बंद होता. पोलिसांनी रिक्षा सोडली, पण पुढे मोटारींची रांग. ती तिथेच अडकली. राजपुत्र कमानीत आला, बँड वाजायला लागला आणि इकडे काकांनी सीतारामच्या मांडीवर मान टाकली. काकीचा हसरा फोटो निघाला तो तेव्हाच.

तो फोटो मंडळाच्या ऑफिसात लागला. चाळ राजपुत्राची गोष्ट रंगवून सांगते, पण त्यात काकांचं नाव कधी येत नाही. मला याचा संताप येतो. काकी मात्र फक्त ऑफिसवरून जायचं टाळायची. ज्याचं जळतं त्याला कळतं.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली. अध्यक्ष सुबोध काकीच्या घरी आला. तोच फोटो बॅनरवर घेऊ आणि काकीचा सत्कार करू, म्हणाला. काकी मला सोबत घेऊन ऑफिसात गेली.

"सुबोध, तो फोटो उतरव."

"काय काकी! अहो, चाळीची शान आहे ती."

"हयसर मी सवाष्ण म्हणान उभी आसंय," काकी म्हणाली. "आणि बँड वाजलो तेव्हाच तुझे काका गेले."

सुबोधचा चेहरा पडला. गोष्ट ऐकत मोठा झालेला पोरगा, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने स्टुलावर चढून फोटो उतरवला, धूळ पुसली आणि काकीच्या हातात दिला. ती तो मांडीवर घेऊन बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

सुबोधने हळूच विचारलं, "काकी, घरी नेताय की फोडून टाकू?"

काकीने फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"नको रे. लाव परत. हिका अजून कोणी काय सांगूक नाय. हसांदे तिका."