‘पुढं काय?’ विचारणारं मनोरीचं वाचनालय

बाबा गेल्याला वर्ष झालं. त्यांची पुस्तकं रद्दीत जाणार नाहीत, असं मी आईला ठणकावून सांगितलं खरं, पण मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत ती ठेवायची कुठे? घाटकोपरची माझी मैत्रीण वैशाली म्हणाली, "मनोरीला बायकांनी चालवलेलं वाचनालय आहे. चल ना यार, रविवारी देऊन येऊ." मी लगेच पिशवी भरली. बाबा प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचे, त्यामुळे नावं न बघता हाताला आली ती तीन घेतली.

मुलुंडहून लिंक रोडने गोरेगाव, तिथून मालाड, मग पश्चिमेहून मार्व्याची बस. लवकर निघा, नाहीतर रस्त्यातच अर्धा दिवस जातो. मार्व्याच्या जेट्टीवर बोटीसाठी सुटे पैसे जवळ ठेवा. बोट सुटली आणि मी लहान मुलीसारखी कठड्याला चिकटले.

"अगं, पिशवी धर! खाडीत गेली तर आई घरात घेणार नाही तुला," वैशाली ओरडली.

उतरल्यावर आधी बोंबील आणि तांदळाची भाकरी. झकास! मग विचारत विचारत वाचनालय गाठलं. होड्यांचं सामान ठेवायची जुनी खोली, आत तीन कपाटं, बाहेर ओटा. ओट्यावर पाच-सहा बायका सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर हिरूबाई. किल्ली त्यांच्या गळ्यात, म्हणजे आजची पाळी त्यांची. पगार कुणालाच नाही. पाळीच्या दिवशी त्या बाईची मासळी दुसरी विकते.

"सुरुवात कशी झाली?" मी विचारलं.

"सुकट निवडताना हात अडकतात, कान मोकले," हिरूबाई म्हणाल्या. "मी सातवी शिकलेली, म्हणून मी वाचायची, ह्या ऐकायच्या. मग शहरातली लोकं पुस्तकं आणून टाकायला लागली. जुनी गाईडं, आयकराची पुस्तकं! पावसात छप्पर गलतं, ठेवायची कुठं? म्हणून नियम केला. आणणाऱ्यानं एक पान मोठ्यानं वाचायचं. कुणी 'पुढं काय?' विचारला तरच पुस्तक ऱ्हाणार."

मी पिशवीत हात घातला. पहिलं पुस्तक मधमाशीपालनाचं. सगळ्यांचं लक्ष सुकटीत. दुसऱ्याला तर एकीने चक्क जांभई दिली. वैशाली तोंडावर ओढणी धरून हसत होती.

तिसरं खाकी कव्हर उघडलं आणि मी थांबलेच. छापील काही नव्हतं. बाबांचं अक्षर! ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते, पण असं काही लिहून ठेवतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आवाज सांभाळत वाचलं: "खांबावर चढलो. दुरुस्ती झाली. खाली बघतो तर शिडी गायब. खाली उभ्या आजीबाई म्हणाल्या, आधी माझ्या लेकीचा आवाज ऐकव, मग शिडी मिळेल. कमरेला लावलेल्या फोनवरून नंबर फिरवला. पलीकडून एका पुरुषाने उचलला आणि रडायला लागला..."

पान संपलं. सुकट निवडणारे हात थांबले होते.

"पुढं काय झाला?" तिघी एकदम म्हणाल्या.

मी वही छातीशी धरली. ही कशी देऊ?

"नियम नियम हाय, पण वही तुज्या बापाची," हिरूबाई म्हणाल्या. "तूच ठरव. ठेवलीस तर एक सांगते, आमचं पुस्तक खाडीपलीकडं जात नाय. हवं तेव्हा येऊन वाच."

घरी नेली असती तर ती कपाटात गेली असती आणि मी ती एकटीने, रडत वाचली असती. इथे बाबांची वाट बघणाऱ्या बायका बसल्या होत्या. मी उठले आणि माझ्या हाताने वही मधल्या कपाटात ठेवली. परतीच्या बोटीत मात्र वैशालीच्या खांद्यावर भरपूर रडून घेतलं. नापास झालेली दोन पुस्तकं मांडीवर होती.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. वही सोडून आले म्हणून ती चिडणार, असं मी धरूनच चालले होते. ती भाजी निवडत ऐकत होती. तो माणूस रडायला लागला इथपर्यंत आले आणि थांबले.

आईचे हात थांबले.

"मग? पुढे काय झालं गं?"

"माहीत नाही."

"रविवारी पहिली बस किती वाजता असते?" आईने विचारलं.